मेंढ्यांचा वाटा

त्या वर्षी गवताला काही कमी नव्हतं. बांधावर गवत, वाटेवर गवत, विहिरीच्या काठाला गवत. गाईंची पोटं ढोलासारखी तट्ट. आणि त्याच वर्षी गोठ्यातली दोन वासरं लागोपाठ गेली. उपासानं गेली असती तर घराला निदान कारण तरी सापडलं असतं.

पहिलं हगवणीनं गेलं. दुसरं जन्मल्यापासून तीन दिवस उभंच राहिलं नाही. मग काळ्या गाईचा सड सुजला, तो उतरेपर्यंत दुसरीच्या खुरात पू झाला. लस सगळ्या गावाच्या गुरांना एकाच दिवशी, एकाच माणसानं टोचली होती. बाकीच्यांची गुरं धडधाकट राहिली आणि या गोठ्यातल्या सहापैकी चार गाईंच्या तोंडाला फोड आले. थोरला मुलगा दुधाच्या किटल्या घेऊन संकलन केंद्रावर जायचा, तो आता अर्ध्या रिकाम्या किटल्या घेऊन जाऊ लागला. रिकाम्या किटल्या जास्त वाजतात, त्यामुळे गावाला बातमी सांगावी लागली नाही.

गोठा थोरल्या सुनेकडे होता आणि मेंढवाडा धाकटीकडे. ही वाटणी सासूची. सासूला गावात तराजू म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं आणि तिनं ते कौतुक समजून ठेवून घेतलं होतं. घरात कुठलीही वस्तू आली की तिचा एकच नियम: एकीनं दोन भाग करायचे, दुसरीनं आधी उचलायचं. साबणाची वडी असो, कापड असो, साखर असो. वाटणारीनं हातचलाखी केली तर मोठा भाग दुसरीच्या पदरात पडणार, म्हणून वाटणारी आपोआप प्रामाणिक. नऊ वर्षांत दोघी जावांच्या हाताला असं वळण लागलं होतं की दोऱ्यानं कापलेली साबणाची वडी काट्यावर ठेवली तरी फरक दिसला नसता. दोघी एकमेकींवर प्रेम करतात का, हे विचारायची त्यामुळे कुणाला गरज वाटली नव्हती.

धाकटी माहेराहून तीन मेंढ्या घेऊन आली होती. नऊ वर्षांत त्यांच्या एकतीस झाल्या. तिचा नवरा मालट्रकवर, महिन्यातून दोन रात्री घरी. सासूनं शब्द दिला होता, "चाळीस होऊ दे. मग वरच्या कुरणाजवळची खोली तुझी. वेगळी चूल मांड." त्या खोलीला पत्र्याचं छप्पर होतं, एक खिडकी होती आणि मुख्य म्हणजे आतून लावायची कडी होती. एकतिसांपैकी बावीस मेंढ्या गाभण होत्या. धाकटी रोज संध्याकाळी मेंढ्या मोजायची ती एकतीसपर्यंत मोजून थांबत नसे, मनातल्या मनात पुढे जाई. खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा लावायचा तेही तिचं ठरलं होतं.

गुरांचा डॉक्टर आला तो काळ्या गाईसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हिला चष्मा कधी लागला?"

कुणी हसलं नाही. गाईच्या डोळ्यांभोवतीचे केस खरंच पांढुरके झाले होते आणि पाठीचा काळा रंग विटून जुन्या छत्रीसारखा तांबूस झाला होता. डॉक्टरनं पापणी ओढून पाहिली, रक्त काढून नळीत भरलं, नळीवर आकडा लिहिला आणि गेला. दहा दिवसांनी परत आला तेव्हा मोटारसायकलच्या मागे पंचवीस किलोची पिशवी बांधलेली होती. पिशवीवर एका अतिशय समाधानी गाईचं चित्र.

"पोट भरलंय हो मावशी," तो सासूला म्हणाला, "पण गवत हिरवं आहे म्हणून त्यात सगळं असतंच असं नाही. तुमच्या जमिनीतच तांबं कमी, जस्त कमी. लागतं चिमूटभरच. पण ते चिमूटभर नसलं की अंग रोगाशी लढत नाही. लस म्हणजे नुसता निरोप. निरोप ऐकून उठायला घरात धड माणूस तर हवा ना?"

"तांबं? भांड्याचं असतं ते?"

"तेच. पण भांडी चाटायला देऊ नका. या पिशवीत सगळं मोजून घातलंय."

सासू दूध गाळायला आत गेली. डॉक्टर गोठ्याच्या दारात बादलीत हात धुऊ लागला आणि थोरली त्याच्या हातावर पाणी ओतू लागली. हात चोळता चोळता तो म्हणाला, "एक ऐका. ही पिशवी गाईंचीच. मेंढ्यांना चिमूटही घालायची नाही. गाईच्या अंगातून जास्तीचं तांबं निघून जातं, मेंढीच्या अंगात ते साठत बसतं. महिनोन्‌महिने काही दिसत नाही. आणि दिसतं तेव्हा वेळ गेलेली असते."

थोरलीनं मान हलवली. जेवताना तिनं ते जसंच्या तसं सांगितलं.

धाकटीनं घास खाली ठेवला. "म्हणजे गाईंना पिशवी आणि माझ्या मेंढ्यांना काही नाही?"

"डॉक्टर म्हणाले मेंढ्यांना ते विष होतं."

"गाईला औषध आणि मेंढीला विष?" सासू म्हणाली. "एका विहिरीचं पाणी पितात, एका बांधाचं गवत खातात. जमिनीत कमी आहे म्हणाला ना तो? मग गाईंपुरतीच कमी आहे का जमीन?"

"आणि तो माझ्यासमोर का नाही बोलला?"

"तुम्ही दूध गाळत होतात."

"जाऊबाईंना डॉक्टर सगळं एकटीलाच सांगतात," धाकटी भांड्यात बघत म्हणाली. "गाईंचं दूध केंद्रावर जातं, गाईंना डॉक्टर येतो, गाईंचं चित्र पिशवीवर येतं. माझ्या मेंढ्यांचं चित्र कोण काढतंय?"

"माझ्या घरात असा दुजाभाव चालायचा नाही," सासू म्हणाली.

थोरला मुलगा पाणी प्यायला. तो अशा वेळी नेहमी पाणी पीत असे.

थोरली पुढे बोलली नाही. त्या घरात एकदा सांगितलेलं म्हणजे सांगणं असे. दुसऱ्यांदा सांगितलं की ते भांडण होई आणि तिसऱ्यांदा सांगितलं की माहेर निघे. तिनं आपल्या वाट्याचं सांगून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चादर पसरून पिशवी ओतली. राखाडी भुकटी, जराशी हिरवट झाक, वास ओल्या खिळ्यांसारखा. वाटायची पाळी थोरलीची होती. तिनं फळी घेतली, ढीग मध्ये कापला, दोन्हीकडे सारला. नंतर फळीच्या टोकानं डावीकडची चार-पाच ओंजळी भुकटी उजवीकडे ढकलली. नऊ वर्षांत पहिल्यांदा दोन ढिगांत लांबून दिसेल असा फरक होता.

सासूनं पाहिलं. "हात थरथरला काय गं थोरले?"

"उचलू दे ना तिला," थोरली म्हणाली.

धाकटीनं उजवीकडचा उचलला. तिच्या जागी कुणीही तोच उचलला असता.

मेंढवाड्यात धाकटीनं माप केलं ते पत्र्याच्या जुन्या डब्याचं. भरड्यात भुकटी कालवायची, वर पाणी शिंपडायचं आणि लाकडी डोणीत पसरायची. मेंढ्या पहिल्या दिवशी हुंगून मागे सरल्या. तिसऱ्या दिवशी डबा वाजला की धावत येऊ लागल्या. सगळ्यांत पुढे घंटावाली, माहेरच्या तिघींपैकी उरलेली एकुलती एक. तिच्या गळ्यातली घंटा फुटकी होती आणि भांडं आपटल्यासारखी वाजायची. धाकटी तिला स्वतःच्या तळहातावर चाटवायची. जीभ खरखरीत आणि गरम. चाटून झालं की हाताला दिवसभर खिळ्यांचा वास.

दीड महिन्यात काळ्या गाईची पाठ पुन्हा काळी झाली. चष्मा उतरला. सड बरा झाला, खुराची जखम भरली. तांबडी गाय व्याली आणि वासरू अर्ध्या तासात उभं राहून तिच्या कासेला असं भिडलं की थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पावसाळी रोग त्या मोसमातही गावात फिरला, पण या गोठ्याच्या दारावरून गेला. किटल्यांचा आवाज जड झाला. थोरला मुलगा दर महिन्याला नवी पिशवी आणू लागला आणि ती दर महिन्याला चादरीवर ओतली जाऊ लागली.

मेंढ्याही छान दिसत होत्या. हीच त्यातली वाईट गोष्ट होती.

"बघा, लोकर कशी आलीय," धाकटी म्हणाली. "आणि म्हणे विष."

थोरली कुंपणावर हात ठेवून उभी होती. "तरी जरा कमी घालत जा."

"का? तुमच्या गाईंना उरावं म्हणून?"

थोरलीनं कुंपणावरचा हात काढला, पदराला पुसला आणि गोठ्याकडे गेली. त्यानंतर ती मेंढवाड्याकडे आली नाही. डॉक्टर दोनदा येऊन गाई बघून गेला. दोन्ही वेळा मेंढ्या वरच्या कुरणात होत्या. त्यांची चौकशी त्यानं केली नाही आणि कुणी आपणहून सांगितलं नाही. सुखात असलेल्या घरात डॉक्टरला कोण काय सांगत बसतं?

तीन महिने झाले. विण्याला पाच आठवडे उरले होते. लोकर कातरायला कात्रीवाला म्हातारा आला. त्याची कात्री त्याच्याहून थोडीच लहान वयाची असेल. तो बोलका होता, कारण मेंढ्या उत्तर देत नाहीत. मेंढीला मागच्या पायांवर बसवायची, पाठ स्वतःच्या गुडघ्यांत धरायची आणि पोटापासून कात्री चालवायची. लोकर एका तुकड्यात अंगरख्यासारखी उतरे आणि आतून उघडी, लहान, लाजलेली मेंढी बाहेर येई.

दुपारी त्यानं कात्री थांबवली. गुडघ्यातल्या मेंढीची पापणी अंगठ्यानं खाली ओढली.

"सूनबाई, हिचे डोळे पिवळे कशानं?"

"उन्हानं."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. तीन दिवसांपासून आभाळ राखेच्या रंगाचं होतं. "कुठलं ऊन?"

धाकटी लोकर गुंडाळत राहिली. म्हाताऱ्यानं मेंढीच्या पोटाच्या कातडीवरून बोट फिरवलं. लोकर गेल्यावर आतली कातडी गुलाबी असायला हवी होती. ती जुन्या कागदासारखी दिसत होती.

"चाळीस वर्षं मेंढ्या भादरतोय," तो म्हणाला. "लोकर अशी हातात यायला लागली की मला आनंद होतो. तुझ्या मेंढ्यांची लोकर छान आहे. पण मला आनंद होत नाहीये. उरलेल्या राहू दे. त्यांना धरायला, उलथंपालथं करायला नको आत्ता."

"अर्ध्या कातरलेल्या आणि अर्ध्या तशाच? लोक काय म्हणतील? पूर्ण करा बाबा. वीण झाली की मला घर लावायचंय."

"कसलं घर?"

"माझं."

म्हाताऱ्यानं पुढची मेंढी ओढली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची, घंटावाली, कातरून झाली. त्यानं कात्री तेलाच्या फडक्यात गुंडाळली, देऊ केलेलं जेवण नको म्हणाला आणि वाटेला लागला. जेवण नाकारायची त्याची ती पहिलीच वेळ होती. रात्री वारा सुटला.

सकाळी धाकटीनं डबा वाजवला तेव्हा अठ्ठावीस आल्या. दोघी उठल्या नाहीत. एक कोपऱ्यात कुडाला डोकं टेकून उभी होती, काहीतरी आठवत असल्यासारखी. धाकटी तिच्याजवळ गेली तशी ती मुतली. मुताचा रंग काळ्या चहासारखा होता. तो पेंढ्यात पसरला आणि पेंढ्याच्या टोकांवर लाल दिसला.

धाकटीनं हाक मारली ती सासूला नाही. "जाऊबाई!"

थोरली आली. तिनं पेंढा पाहिला. "मी यांना पाठवते डॉक्टरकडे," म्हणाली आणि वळली. तिनं काहीच विचारलं नाही. धाकटीच्या ते तेव्हाच ध्यानात आलं, पण विचार करायला सवड नव्हती.

डॉक्टर येईपर्यंत चार मेल्या होत्या. त्यानं एक मेंढी अंगणात उघडली. आतलं सगळं पिवळं होतं, चरबी पिवळी, काळीज हळदीच्या रंगाचं. मूत्रपिंड त्यानं सुरीच्या टोकानं बाहेर काढलं. ते निळसर काळं होतं, बंदुकीच्या नळीसारखं चमकत होतं. त्यानं सुरी पुसली आणि वर पाहिलं.

"काय घालत होतात?"

त्याला डोणीजवळचा पत्र्याचा डबा दिसला. त्यानं तो उचलला, हुंगला आणि थोरलीकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं."

"मीही सांगितलं होतं," थोरली म्हणाली.

"मी कुणावर अन्याय केला नाही," सासू म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच म्हातारा वाटला. "गाईंना जेवढं, मेंढ्यांना तेवढं. तोळाभर इकडेतिकडे नाही."

"ते त्यांना सांगा मावशी," डॉक्टर म्हणाला.

हात धुताना यावेळी तो सगळ्यांसमोर बोलला, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. काळजात, म्हणजे यकृतात, तीन महिने साठलेलं तांबं अंगाला धक्का बसला की एकदम रक्तात सुटतं. कातरणं हा धक्का, थंडी हा धक्का. रक्त आतल्या आत फुटतं. ज्या पडल्या त्यांचं काही खरं नाही. ज्या उभ्या आहेत त्यांच्या काळजातही तेच भरलंय. तो बाटल्या देईल. त्यातलं औषध तांब्याला धरून बाहेर काढतं. दीड महिना रोज पाजायचं. आणि दीड महिना त्यांना पळवायचं नाही, धरून ओढायचं नाही, दचकवायचं नाही.

"कुत्रं बांधा. दारं आपटू नका. त्यांच्या आसपास कुणी ओरडायचंसुद्धा नाही."

आठवड्याभरात सतरा गेल्या. खड्डा दोघी जावांनी खणला, कारण थोरला मुलगा केंद्रावर जाई आणि धाकटा ट्रकवर होता. जमीन चिकट होती, फावडं दर खेपेला बोटांनी पुसावं लागे. गाभण मेंढी मेल्यावरही जड असते, दोघींनी दोन-दोन पाय धरावे लागतात. सहाव्या दिवशी खड्ड्याच्या काठावर बसून धाकटी हळू आवाजात म्हणाली,

"त्या दिवशी एक ढीग मोठा का केलात?"

थोरली फावडं पुसत राहिली.

"नऊ वर्षांत कधी तुमचा हात चुकला नाही."

"उचललास तू," थोरली म्हणाली.

"हो. उचलला मी."

थोरली फावड्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही दोघी मला खोटी म्हणालात. मला वाटलं, घे. घेच मग. एखादी आजारी पडेल, तेवढं पुरे होईल." तिनं फावडं खाली ठेवलं. "सतरा नव्हत्या माझ्या मनात."

"किती होत्या?"

थोरलीनं फावडं पुन्हा उचललं. धाकटीनं मातीचं ढेकूळ खड्ड्यात ढकललं आणि उठली. भांडण झालं नाही. घरात आरडाओरडा करायला बंदी होती.

राहिल्या चौदा. आणि घर असं शांत झालं की येणाऱ्याला तिथं फार सलोखा आहे असं वाटावं. सासू दाराला फडकं लावून दार ओढी. थोरला मुलगा किटल्या पोत्यात गुंडाळून नेई. घंटावालीच्या गळ्यातली घंटा धाकटीनं काढून उंबऱ्याजवळ खुंटीला टांगली, आत कापूस कोंबून. जेवताना कुणी कुणाला लागेल असं बोलत नव्हतं. पंचवीस वर्षांत या घराला जे जमलं नाही ते चौदा मेंढ्यांच्या काळजांनी जमवलं.

खोलीचा विषय निघत नव्हता. धाकटी संध्याकाळी मेंढ्या मोजी आणि चौदाला थांबे.

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टर नव्या बाटल्या देऊन गेला. "या उभ्या राहतील असं वाटतंय," म्हणाला. "अजून थोडे दिवस जपा." धाकटीनं त्या दिवशी प्रथम पोटभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाजायला बसली. मेंढीची हनुवटी तळहातावर घ्यायची, ओठाच्या कोपऱ्यातून नळी आत, घोट खाली उतरेपर्यंत गळ्यावरून बोट फिरवायचं. अकरा झाल्या. बाराव्या वेळी बाटली घ्यायला हात मागे नेला तर बाटली जागेवर नव्हती.

सासू बाटली घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. दुसऱ्या हातात पेला. गोठा आणि मेंढवाडा यांच्यामध्ये फक्त एक कूड होता, त्यामुळे धाकटीला सगळं दिसत होतं. सासूनं पेला डोळ्यांसमोर धरला, बाटलीतलं औषध त्यात ओतलं, बाटली वर उचलून उरलेल्याशी ताडून पाहिलं आणि आणखी थोडं ओतलं. बरोबर निम्मं. तिच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांनी जरा समाधान आलं होतं. चूक झाली होती ती तिला तिच्या पद्धतीनं निस्तरायची होती. ती काळ्या गाईपाशी गेली, गाईचं तोंड वर केलं.

हे औषध तांबं बाहेर काढतं, हे डॉक्टर सगळ्यांसमोर, सुटं सुटं करून बोलला होता. आणि गाईंच्या अंगात तर तांबं मुळातच कमी होतं.

थोरली पलीकडच्या दारातून दुधाची बादली घेऊन आत येत होती. तिनं पेला पाहिला, गाईचं उघडं तोंड पाहिलं.

"आई! नाही!"

बादली हातातून सुटून दगडावर आपटली. ती हाक कुडापलीकडे, अंगणापलीकडे, वाटेपर्यंत गेली. कुत्रं भुंकू लागलं. सासूच्या हातातून पेला पडला, गाय मागे सरली. गाईच्या तोंडात थेंबही गेला नव्हता.

इकडे चौदाच्या चौदा मेंढ्या एकदम उसळल्या आणि कुडावर आदळल्या. घंटावाली सगळ्यांत पुढे. तिचं डोकं बांबूवर आपटलं, ती गुडघ्यांवर आली, उठली आणि पाय फाकून थरथरत उभी राहिली.

धाकटीनं कुडातून थोरलीकडे पाहिलं. थोरलीच्या पायांशी दूध पसरत होतं आणि तिचा हात तोंडावर होता.

"ओरडता येतं की तुम्हाला," धाकटी म्हणाली. अगदी हळू.

थोरली कुडाला वळसा घालून आली. तिच्यामागून सासू, हातानं कुडाचा आधार घेत. घंटावालीनं मुतायला शेपटी उचलली. तिघीजणी खाली वाकल्या आणि पेंढ्याकडे बघू लागल्या.